शिवकन्येची गाठ आणि सरदारचं शिंग

दत्तरावला रडताना शिवकन्येनं पाहिलं ते लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर, आणि तेही बैलासाठी.

सासरे गेले तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते. पहिली पोरगी आठवड्याभराची होऊन गेली, तेव्हा हा परभणीला ट्रॅक्टरची ट्रॉली बघायला गेला होता आणि आल्या आल्या 'वाढ' म्हणाला होता. असा हा माणूस गोठ्यात पालथ्या पाटीवर बसून, उपरण्यात तोंड खुपसून हुंदके देत होता. "माझ्या सरदारला काय झालं गं," म्हणत होता. शिवकन्या कडब्याची पेंढी घेऊन दारात उभी राहिली, जरा वेळ बघितलं, पेंढी दावणीत टाकली आणि घरात वळली. दया आली नाही. रागही आला नाही. भाजी निवडताना अळी दिसली की जसं तोंड होतं, तसं तिचं तोंड झालं.

परभणीजवळच्या पिंगळीच्या पलीकडं एका गावात दत्तरावचं घर खाऊनपिऊन सुखी. काळी जमीन, कालव्याचं पाणी, हळद आणि ऊस. नांगरटीपासून पेरणीपर्यंत सगळं ट्रॅक्टरवर. तरी दावणीला लालकंधारी बैलांची जोडी होती. त्यातला एक बिचारा कधीमधी कोळपणीला तरी जायचा. सरदार मात्र निव्वळ बघायचा बैल. गडद तांबडा, अंगावर माशी बसली तर घसरेल असा तुळतुळीत, आणि शिंगं अशी की दोन्ही बाजूंनी एकाच मापानं वळलेली. पोळ्याला गावात पहिला मान त्याचा. दत्तराव त्या शिंगांना स्वतःच्या हातानं तेल लावायचा, बेगड लावायचा, आणि मग त्यांना धरून असा काही फोटो काढून घ्यायचा, की शिंगं जणू यालाच फुटली आहेत. मोबाईलच्या स्टेटसवर बारा महिने तोच फोटो. लेकीच्या, भक्तीच्या लग्नातला एकही फोटो त्या मोबाईलवर कुणाला कधी दिसला नाही.

सरदारला वैरण घालायची, आंबोण द्यायचं, शेण काढायचं, पाणी दाखवायचं, हे सगळं शिवकन्येकडं. बैल तिच्या आवाजावर चालायचा. नाव मात्र दत्तरावचं.

तर या सरदारनं पोळा झाल्यावर डोकं झटकायला सुरुवात केली. कानात गोचीड शिरली असेल म्हणून बघितलं, काही नव्हतं. मग तो उजवं शिंग खुंटीला घासायला लागला. मग एका नाकपुडीतून घाण वास येणारा, रक्त मिसळलेला शेंबूड गळायला लागला. आणि एके दिवशी सकाळी बघतात तर उजवं शिंग जरा खाली कलंडलेलं. त्या दिवशी दत्तराव जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पारावरची मंडळी सरदारची चौकशी करायला आली. एकानं नारळ आणला. शिवकन्येनं त्या सगळ्यांना चहा केला. कप उचलताना तिच्या मनात आलं, 'एवढी माणसं हाच बाबा मेला तर येतील का?' आणि तिला हसू आलं.

तिची स्वतःची गोष्ट आखाडातली होती. न्हाणीत अंगाला साबण लावताना डाव्या छातीवर बोट अडलं. वाटाण्याएवढी गाठ. दुखत नव्हती म्हणून तिनं पंधरा दिवस जाऊ दिले. मग एकदा दत्तराव जेवत असताना, घरात दुसरं कुणी नाही बघून तिनं सांगितलं.

त्यानं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत विचारलं, "दुखायलीय का?"

"न्हाई."

"मग कामून वरडायलीस? दुधाची गाठ आसंल."

"दुधाची? भक्तीला पंचविसावं लागलंय."

"मग हवेची आसंल. मला काय डाक्टर समजलीस का? कोरड्यास आन थोडं."

सासू धुरपताबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "कुणापाशी बोलली न्हाईस ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न नव्हताच. "आसल्या जागंचं नाव परक्या माणसापुढं घ्यायचं का? लाज हाय का न्हाई?" असं म्हणून त्यांनी गावातल्या सितारामकडून पाला आणवला. सिताराम म्हणजे सगळ्या आजारांना एकच पाला देणारा माणूस. कावीळ असो, खरूज असो नाहीतर कुणाचा पाय मुरगळलेला असो. त्याचा हिरवा लेप शिवकन्येनं महिनाभर लावला. पाल्यानं कातडी सोलून निघाली, गाठ मात्र सुपारीएवढी झाली.

याच सितारामला दत्तरावनं सरदारसाठी बोलावलं. सितारामनं शिंगाभोवती फिरून, ओठ बाहेर काढून, बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मालक, डागावं लागतंय. लोखंड लाल करून शिंगाच्या बुडाशी दोन डाग द्यायचे."

दत्तराव एवढा भडकला की विचारू नका. "डाग? माझ्या सरदारला? कायमची खूण राहील की रे तोंडावर! निघ इथून. तुला काय अक्कल हाय रे, चार पानं वाटून वैद झालास?"

शिवकन्या चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. म्हणजे सितारामला अक्कल नाही, हे याला ठाऊक होतं. आधीपासून ठाऊक होतं. तिनं पदराआड हात घालून सोललेल्या कातडीवरून बोट फिरवलं आणि त्या दिवसापासून तिच्या मनातून दत्तराव उतरला तो उतरलाच. आधी वाटायचं, की अडाणी आहे, पुरुषमाणूस, कळत नाही त्याला. आता कळलं, की चांगलं कळतं. फक्त बैलापुरतं कळतं.

दुसऱ्याच दिवशी टेम्पो ठरला. सरदारला परभणीला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पण सरदार टेम्पोत चढेना. चार माणसं ढकलत होती, दत्तराव पुढून "चल राजा, चल माझ्या वाघा" करत होता, बैल पाय रोवून उभा. शेवटी शिवकन्येनं टेम्पोत चढून नुसती हाक मारली, तेव्हा तो निमूट फळीवरून वर आला. म्हणून तिलाही सोबत जावं लागलं. नाहीतर कोण नेतंय तिला परभणीला.

तिथल्या डॉक्टर राजेश्री म्हणून होत्या. तरुण बाई, केस घट्ट बांधलेले, पायात गमबूट. त्यांना बघून दत्तराव शिवकन्येच्या कानाशी लागला, "ह्या पोरीला काय जमणार हाय? मोठा डाक्टर कुठंय?" पण त्या पोरीनं सरदारच्या कपाळाला हात लावला, दोन्ही शिंगांवर बोटांनी ठोकून बघितलं. डावं शिंग पोकळ वाजलं. उजवं भरल्या मडक्यासारखं बद्द वाजलं.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "शिंगाच्या आत हाड असतं, त्यात पोकळी असते. ती या बाजूला भरलीय. आत मांस वाढलंय. शिंगाचा कॅन्सर वाटतोय. बैलांना होतो हा, नवल नाही. पण नुसतं वाटून चालत नाही. आतला तुकडा काढून दुर्बिणीखाली बघावा लागतो."

"कॅन्सर?" दत्तरावनं सरदारचं कलंडलेलं शिंग हातानं सावरलं. "बैलाला कसा हुईल? तो काय तंबाखू खायलाय का?"

"अंगातली कुठलीही पेशी वाढायला लागली आणि कुठं थांबायचं ते विसरली, की गाठ होते. माणसाला होते, कुत्र्याला होते, गाईला होते. सगळ्याच गाठी वाईट नसतात. काही मऊ असतात, बोटाखाली सरकतात, वर्षानुवर्षं तशाच राहतात. काही कडक असतात, जागची हालत नाहीत, आणि वाढतच जातात. बरेचदा दुखतही नाहीत, म्हणून लोक उशीर करतात. पण हातानं चाचपून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही. तुकडा बघितल्याशिवाय काही खरं नाही."

सरदारची वेसण शिवकन्येच्या हातात होती. ती हातातच राहिली, आणि तोंडातून आपोआप शब्द निघाला.

"बाई, कडक हाय, हालत न्हाई, दुखतबी न्हाई. आन वाढायलीय. आसं बाईमाणसाला आसलं तर?"

डॉक्टरबाईंनी बैलावरची नजर काढून तिच्याकडं बघितलं. "कुठं आहे?"

शिवकन्येनं डोळ्यानंच दाखवलं.

"किती दिवस झाले?"

तिनं तोंड उघडायच्या आत दत्तराव मध्ये पडला. "अवो बाई, तिचं सोडा. तिचं चारदोन दिसाला कायतरी निघतंय. तुमी सरदारचं बोला. शिंग वाचंल ना?"

राजेश्रीबाई त्याच्याकडं वळल्या. बुटाला चिकटलेल्या शेणाकडं बघावं तसं फक्त बघितलं. ती नजर शिवकन्येला एवढी आवडली की पुढं कित्येक दिवस ती आठवून तिला बरं वाटायचं. आपण एकट्याच याच्याकडं असं बघत नाही तर.

"मी जनावरांची डॉक्टर आहे ताई," त्या शिवकन्येला म्हणाल्या. "तुम्हाला हात लावायचा मला अधिकार नाही. पण तुम्ही मला बहीण समजून विचारलंत तर सांगते, आज परभणीत आलाच आहात तर आजच दाखवा. उद्या नको."

"आज कसं जमंल?" दत्तराव म्हणाला. "टेम्पो खोळंबलाय. सरदारला उन्हाचा त्रास हुईल."

त्या दिवशी शिवकन्या टेम्पोतूनच परत आली. बैलाच्या शेजारी उभी राहून. त्याबद्दल तिनं पुढं स्वतःलाही सोडलं नाही. 'मीबी काय कमी खुळी होते का,' असं ती म्हणायची. पण घरी उतरल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर पाथरीला भक्तीला फोन लावला. "उद्या सकाळच्या गाडीनं परभणीला ये. स्टेशनवर थांब. कामून ते इचारू नको." पहाटे भाकरी थापल्या, झाकून ठेवल्या, आणि धुरपताबाईंना सांगितलं, "आत्याबाई, मी दवाखान्यात जायलेय."

"सरदारच्या?"

"न्हाई. माणसाच्या."

धुरपताबाईंनी कपाळाला हात लावला. "नाक कापणार बाई तू आमचं. गावात बोभाटा हुईल."

"होऊ द्या," शिवकन्या म्हणाली. "नाकच कापंल ना? माझं काय काय कापावं लागतंय ते अजून ठरायचंय."

पिंगळीहून पॅसेंजरनं परभणी. मायलेकी दवाखान्यात गेल्या. सोनोग्राफी झाली, छातीचा एक्स-रे झाला, जाड सुईनं गाठीतला तुकडा काढला. सुई टोचताना भक्तीनं डोळे मिटले. शिवकन्येनं उघडे ठेवले. इतके दिवस जी अंगात घर करून बसली होती ती दिसते तरी कशी, हे तिला बघायचं होतं. दिसलं काय, तर बाटलीत तरंगणारं शेवयांसारखं चिमूटभर काहीतरी. एवढ्याशा गोष्टीसाठी दार लोटून घेतात, हे बघून तिला धुरपताबाईंची कीव नाही, किळस आली.

दोन्ही निकाल एकाच आठवड्यात आले. सरदारला कॅन्सर. शिवकन्येलाही कॅन्सर.

त्या आठवड्यात घरात जे झालं ते शिवकन्या पुढं कुणीही विचारलं की सांगायची, आणि सांगताना एक शब्द कमी करायची नाही. दत्तरावनं सरदारच्या निकालाचा कागद हातात धरून पारावर जाऊन भाषण केलं. शिंग मुळापासून काढावं लागणार, पण बैल वाचेल. ऑपरेशनला तो स्वतः गेला, बैलाच्या कानात नाव घेत उभा राहिला, टाके घालेपर्यंत जागचा हलला नाही. बायकोचा निकाल घ्यायला मायलेकी परभणीला गेल्या होत्या, भक्तीनं तो तिथूनच फोनवर सांगितला तेव्हा तो म्हणाला, "आरं देवा. बरं, तुमी बगा तिकडं दोघी. इकडं सरदारचं ड्रेसिंग चालू हाय, मला हालता येत न्हाई."

भक्तीच्या डोळ्यात पाणी आलं. शिवकन्येनं तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. "रडू नको. आसल्या माणसासाठी रडायला आपल्याकडं वेळ कुठंय?"

संभाजीनगरला ऑपरेशन झालं. डावी छाती काढली. काखेतल्या दोन गाठींपर्यंत आजार पोहोचला होता. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर आजार काखेपर्यंत गेला नसता. पण अजूनही वेळेत आहात, औषधं नीट घ्या. शिवकन्येनं मान डोलावली. ते 'आधी' कुणी खाल्लं हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

दत्तराव आला तो चांगला आठवड्यानं. इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला गंध. वॉर्डात शिरताच त्यानं खिशातून मोबाईल काढला. शिवकन्येला वाटलं, पोरीचा नाहीतर घरचा काही निरोप असेल. त्यानं शेजारच्या खाटेवरच्या बाईला फोटो दाखवला. "हे बगा ताई, आमचा सरदार. ह्यालाबी हाच आजार. शिंग काढलं. आता कसा खायलाय बगा." मग पलीकडच्या खाटेवर. मग नर्सला. सगळ्या वॉर्डाला बैल दाखवून झाल्यावर तो शिवकन्येच्या पायथ्याशी टेकला आणि म्हणाला, "माझ्यामुळं तुझा आजार सापडला बग. मी सरदारला नेलं नसतं तर तुला कळलंच नसतं."

शेजारच्या खाटेवरची बाई पाथरीकडची होती, तानुबाई नावाची. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरची, बोलायला फटकळ. ती उशीला टेकून सगळं बघत होती. ती म्हणाली, "पावणं, तुमी त्या बैलाला घिऊनच यायचं होतं की. त्याच्याशी तरी चार शब्द बोलता आले असते."

वॉर्डातल्या बायका हसल्या. टाके ओढले गेले तरी शिवकन्याही हसली. दत्तरावला विनोद कळला नाही. तो म्हणाला, "न्हाई ना, लिफ्टमध्ये मावत न्हाई तो."

पुढं किमो सुरू झाली. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. ती भक्तीकडं पाथरीला राहिली. जावई सालस होता, एका शब्दानं बोलला नाही. दत्तराव दर आठवड्याला फोन करायचा. सरदारला कोण आंबोण देतं, कसा खात नाही, गडी कसा हात लावू देत नाही हे सांगायचा. "तू कवा येणार?" हा प्रश्न यायचा तो सरदारच्या तोंडून आल्यासारखा.

उन्हाळा सरता सरता ती गावी परत आली. डोक्याला घट्ट पदर. आल्या आल्या गोठ्यात गेली. सरदार बरा दिसत होता. उजव्या बाजूला शिंग नव्हतं, कातडीची घडी होऊन जखम भरून आली होती. तिचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली आणि हात चाटला. पण अंगावर पूर्वीचं पाणी नव्हतं. शेपटीखाली शेण वाळलं होतं. तुळतुळीत राहण्यासाठी त्याला कुणीतरी चोळावं लागतं, ते कुणी केलेलं नव्हतं. दत्तरावच्या मोबाईलवर आता नव्या ट्रॅक्टरचा फोटो होता.

आखाडात एक दिवस दारात पिकअप उभी राहिली. एक दलाल बैलाभोवती फिरून, दात बघून, पाठीवर थाप मारून बाजूला उभा राहिला.

"काय चाललंय?" शिवकन्येनं विचारलं.

"सरदारला काढून टाकायलोय," दत्तराव म्हणाला. आवाज असा, जणू जुनी सायकल काढतो आहे. "पोळा आलाय तोंडावर. एका शिंगाचा बैल घिऊन मी वेशीत कसा उभा राहू? लोक हसतील. नवीन खोंड बगितलाय. शिंगं अशी हायत त्याची..." आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन शिंगं करून दाखवली.

शिवकन्या त्याच्याकडं बघत राहिली. डोक्यावर हात घेऊन उभा असलेला हा पन्नाशीचा माणूस. ज्यासाठी हुंदके दिले, जेवण सोडलं, तो बैल नव्हताच. शिंगं होती. म्हणजे हा बैलाचाही नव्हता. इतके दिवस तिला वाटत होतं, निदान एका जिवावर तरी याचा जीव आहे. म्हणून तिला सरदारचा थोडा मत्सरसुद्धा वाटला होता. आता तोही संपला. उरला तो नुसता तिरस्कार, पण स्वच्छ. त्यात दुखणारं काही राहिलं नव्हतं.

तिनं डोक्यावरचा पदर काढला. नुकतेच उगवायला लागलेले करडे खुरटे केस दिसले. दलाल चपापून दुसरीकडं बघायला लागला. धुरपताबाई ओसरीवरून "अगं पदर, पदर" करत उठल्या.

"त्याचं एक शिंग काढलं म्हणून त्याला बाजारात न्यायलाव," ती दत्तरावला म्हणाली. "माझंबी एक काढलंय. मला कोणत्या बाजारात नेणार?"

दत्तरावनं आजूबाजूला बघितलं. समोरच्या पारावर माणसं होती. "आसं काय बोलायलीस चारचौघांत? इज्जत हाय का न्हाई?"

"तुमची हाय ना? तीच घिऊन जावा पोळ्याला. शिंगं लावा तिला."

तिनं सरदारची वेसण धरली आणि त्याला पिकअपसमोरून मागच्या शेतातल्या आखाड्यावर, शेतघरापाशी नेलं. दलाल गाडीत बसून निघून गेला. दत्तराव बराच वेळ दारात उभा राहून "बाईमाणसाला डोक्यावर घेतलं की आसं हुतंय" असं काहीतरी म्हणत राहिला. ऐकायला कुणी थांबलं नाही.

तेव्हापासून शिवकन्या आखाड्यावरच्या दोन खोल्यांत राहते. वेगळं झालं, सोडलं, असलं काही तिनं जाहीर केलं नाही. जेवण हवं असेल तर दत्तराव तिथं येतो, ती वाढते, पण त्याच्या बोलण्याला उत्तर देत नाही. रेडिओ चालू असल्यासारखं दुर्लक्ष करते. नव्या खोंडाची तो खूप तारीफ करतो. धुरपताबाईंनी एकदा निरोप धाडला, की लोक काय म्हणतील. तिनं उलट निरोप धाडला, की काय म्हणतात ते मलाही कळवा.

दर सहा महिन्यांनी ती तपासणीला जाते. अजून तरी सगळं ठीक निघालं आहे. पुढचं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, आणि न सांगणाऱ्या माणसावर आता तिचा जास्त विश्वास आहे.

गावातल्या बायका तिच्याकडं येतात. आडून आडून, भाजीच्या नाहीतर ताकाच्या निमित्तानं. मग दार लोटायला बघतात. ती दार सताड उघडं ठेवते. परवा एक तरुण सून आली, मान खाली घालून म्हणाली, "काकू, इथं काखेजवळ कायतरी लागायलंय. बगता का जरा?"

"मी कशाला बगू? मी काय दुर्बीण हाय का?" शिवकन्या खेकसली. "घरात सांगितलंस?"

"हे म्हणले, दुखत न्हाई तर राहू दे."

"म्हणणारच." तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि चपला पायात सरकवल्या. "चल. पॅसेंजर हाय अजून. त्याला इचारत बसू नको."